मच्छीमार संस्थेच्या बॅकअपला एन्क्रिप्शन: हर्णैच्या कामाच्या नोंदी

एखाद्या पतसंस्थेचं, सोसायटीचं नाहीतर दवाखान्याचं छोटं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवतोय. लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती आपल्या हातात असतात आणि त्यांचे बॅकअप गावोगावी उघडे फिरत असतात. इथलं, म्हणजे हर्णै बंदरातल्या मच्छीमार संस्थेचं, सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे, डेटाबेस एस्क्यूलाइट, एन्क्रिप्शनसाठी (माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी बंद करण्यासाठी) लिबसोडियम ही लायब्ररी. तुमचं वेगळं असेल, पण अडकायच्या जागा बहुतेक याच असतील.

२ जून

कालपासून मासेमारी बंद. नौका वर ओढून शाकारायचं काम चालू आहे. संस्थेत ३१ जुलैपर्यंत डिझेलची रांग नाही, त्यामुळे प्रोग्रॅमला हात लावायला हीच वेळ.

आत काय काय आहे ते आधी बघितलं. सभासदांची नावं, नौकांचे नोंदणी क्रमांक, डिझेल परताव्याच्या नोंदी, बँक खाती. आणि खलाशांच्या आधार कार्डांचे नि पासबुकांचे फोटो. खलाशी बरेचसे बाहेरगावचे. हंगाम संपला की ते घरी जातात, त्यांचे कागद मात्र वर्षभर इथेच. आपला फोटो किती पेन ड्राइव्हवर आहे हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. हे काम मी मुख्यतः त्यांच्यासाठी करतोय.

बॅकअप गावाबाहेर ठेवायचा निर्णय योग्यच होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली तेव्हा दुकानं-ऑफिसांतले कॉम्प्युटर पाण्याखाली गेले. त्यानंतर संस्थेने ठरवलं की एक प्रत सचिवांच्या घरी, एक पुण्याला नातेवाइकांकडे, एक क्लाउडवर. प्रती सुरक्षित झाल्या, पण प्रत्येक नवी प्रत म्हणजे माहिती बाहेर जायची आणखी एक वाट.

सध्याचं संरक्षण म्हणजे पासवर्डची झिप. ती पासवर्ड न देता उघडून बघितली. आतली फाइल उघडत नाही, पण यादी दिसते, आणि फोटोंच्या फाइलींना खलाशांचीच नावं दिलेली आहेत. कोण कुठल्या नौकेवर आहे हे नुसत्या यादीवरून कळतं. शिवाय ही जुन्या पद्धतीची झिप आहे. तिचं कुलूप कसं फोडायचं हे १९९४ सालीच छापून आलेलं आहे.

५ जून

काय झाकायचं ते ठरवलं. धोका ऑफिसातल्या कॉम्प्युटरपेक्षा बाहेर फिरणाऱ्या प्रतींना जास्त आहे. पेन ड्राइव्ह हरवतो, नातेवाइकांकडची मुलं त्यावर सिनेमे टाकतात, क्लाउडचं खातं तिघे वापरतात.

एसक्यूएलसायफर (एस्क्यूलाइटचं एन्क्रिप्ट करणारं रूप) वापरून चालता डेटाबेसच एन्क्रिप्ट करावा असा विचार आधी होता. चांगली गोष्ट आहे, प्रत्येक पान वेगळं एन्क्रिप्ट होतं, कोडमध्ये फार बदल नाही. पण मग रोज सकाळी ऑफिस उघडलं की कुणीतरी पासवर्ड टाकायचा. तो आठवडाभरात मॉनिटरवर चिकटवलेला दिसेल. आणि आधार कार्डांचे फोटो डेटाबेसच्या बाहेर फोल्डरमध्ये आहेत, ते उघडेच राहतील. म्हणून आधी बॅकअप, मग तो विचार.

लायब्ररी लिबसोडियम. २०१३ पासून चालू आहे, एनएसीएल या जुन्या संशोधनातल्या लायब्ररीवर आधारलेली, परवाना आयएससी म्हणजे वापरायला मोकळा. २०१७ साली तिची स्वतंत्र तपासणीही झाली आहे. पण मी ती घेतली तिच्यात पर्याय कमी आहेत म्हणून. सायफर कुठला, मोड कुठला, पॅडिंग कुठलं, असे प्रश्न ती विचारतच नाही. आपल्यासारख्या, हे काम रोज न करणाऱ्या माणसाने जितके कमी निर्णय घ्यावेत तितकं बरं.

८ जून

ऑफिसचा कॉम्प्युटर विंडोज ७, ३२ बिट, दोन जीबी रॅम. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. नवा कॉम्प्युटर घ्या असं मी लिहून दिलंय, पण डिझेल परतावा जमा होईपर्यंत कुणी त्यावर बोलणार नाही. तोवर हाच.

पायनॅकल ही लिबसोडियमची पायथन जोडणी. ती बसवताना काही त्रास नाही, लिबसोडियम सोबतच येतं. त्रास झाला तो पायइन्स्टॉलरने एकच चालती फाइल करताना. माझ्या लॅपटॉपवर चालतं, ऑफिसात खिडकी उघडून लगेच बंद. काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) चालवल्यावर कळलं की सीएफएफआय-बॅकएंड नावाचा भागच आत आलेला नाही. तो कोडमध्ये थेट कुठे मागितलेला नसल्यामुळे पायइन्स्टॉलरला दिसत नाही. लपलेल्या इम्पोर्टच्या यादीत त्याचं नाव हाताने घातलं आणि प्रश्न मिटला. दुपार त्यात गेली. दुसरं, ३२ बिट मशीनसाठीची फाइल ३२ बिट पायथनवरच बांधावी लागते.

१२ जून

पहिली आवृत्ती साधी होती. प्रत्येक फोटो उचलायचा, सीक्रेटबॉक्सने (लिबसोडियममधली एका किल्लीने बंद करायची सोय) बंद करायचा, त्याची लांबी आणि तो बंद तुकडा एकामागून एक एकाच फाइलमध्ये लिहायचा. शेवटी डेटाबेस. चाललं.

चाचणी चालू असतानाच लाईट गेली. पावसाळ्यात इथे ते रोजचंच आहे, आणि यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. लाईट आल्यावर पेन ड्राइव्हवर अर्धी फाइल होती. ती उघडून बघितली. शेवटच्या अर्धवट तुकड्यावर प्रोग्रॅमने त्रुटी दिली. इथवर ठीक.

मग मुद्दाम तो अर्धा तुकडा हेक्स एडिटरने (फाइल बाइट-बाइट बदलू देणारा प्रोग्रॅम) कापला, म्हणजे फाइल बरोबर एका पूर्ण तुकड्याच्या टोकाला संपेल. पुन्हा उघडली. ‘बॅकअप पूर्ण उघडला’ असा हिरवा संदेश आला. आत डेटाबेसच नव्हता! तो सगळ्यात शेवटी होता.

प्रत्येक तुकडा अस्सल होता, म्हणून लायब्ररी गप्प राहिली. तुकडे सगळे आहेत का, त्याच क्रमाने आहेत का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. दोन तुकड्यांची अदलाबदल केली, तरी चाललं. एका बॅकअपमधला तुकडा दुसऱ्यात घातला, तेही चाललं. लाईट जाऊन झालेला अपघात आणि कुणी मुद्दाम केलेली छेडछाड, दोन्ही या भोकातून आरपार जातात.

१५ जून

वरची आवृत्ती टाकून दिली. आता सीक्रेटस्ट्रीम. याच कामासाठी लिबसोडियममध्ये ती आहे: एक्सचाचा२०-पॉली१३०५ ही एन्क्रिप्शनची पद्धत, पण सलग प्रवाहासाठी. सुरुवातीला २४ बाइटचं हेडर, मग प्रत्येक तुकड्यामागे १७ बाइट जादा. मी तुकडा ६४ केबीचा ठेवलाय, त्यामुळे फाइल वाढल्याचं जाणवतही नाही. प्रत्येक तुकडा मागच्याशी बांधलेला असतो आणि शेवटच्या तुकड्यावर ‘फायनल’ अशी खूण असते.

पायनॅकलमध्ये यासाठी तयार सोपं रूप नाही, खालच्या पातळीची फंक्शन्स थेट वापरावी लागतात. नमुन्याचा कोड कमी मिळतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: फाइल मधेच संपली तर लायब्ररी आपणहून ओरडत नाही. शेवटी वाचलेल्या तुकड्यावर फायनलची खूण होती का, हे तुमच्याच कोडने तपासायचं आहे. ते तपासलं नाहीत तर १२ तारखेचंच भोक पुन्हा तसंच राहतं.

चाचण्या लिहिल्या. शेवटचा तुकडा कापलेला, दोन तुकडे उलटसुलट, मधला एक बाइट बदललेला, हेडर दुसऱ्या फाइलचं. चारही नाकारले गेले. या चाचण्या आता प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर आपोआप चालतात.

सोबत दोन बदल. बॅकअप आधी ‘अर्धवट’ या शेपटाच्या नावाने लिहायचा, सगळं डिस्कवर उतरल्याची खात्री करायची आणि मगच खरं नाव द्यायचं. आणि उघडताना फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढायच्या, फायनलची खूण दिसल्यावरच खऱ्या जागी हलवायच्या.

पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आपला बॅकअप अजून त्याच्या आत आहे, पण फोटो वाढताहेत. नवे पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून घेतले.

२० जून

आज जे सापडलं ते मला सगळ्यात जास्त लागलं.

जुना प्रोग्रॅम बॅकअप घेताना डेटाबेसची एक प्रत विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये काढायचा, तिची झिप करायचा आणि प्रत पुसायचा. मधे लाईट गेली की पुसायचं राहायचं. टेम्प फोल्डरमध्ये अशा उघड्या प्रती पडून होत्या, काही खूप जुन्या. जे खलाशी आता या बंदरात येतही नाहीत त्यांची खाती त्यात होती. माझ्या नव्या आवृत्तीतही झिपच्या जागी एन्क्रिप्शन आलं होतं, पण प्रत टेम्पमध्येच निघत होती. म्हणजे समोरचा दरवाजा बंद आणि खिडकी सताड उघडी.

पुसल्यावरही भरवसा नाही. एसएसडीवर पुसलेला मजकूर लगेच जातोच असं नाही.

उपाय असा केला: एस्क्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप सोयीने डेटाबेस मेमरीत घ्यायचा, तिथून मजकूर ओळीओळीने काढायचा, दाबून लहान करायचा आणि थेट सीक्रेटस्ट्रीममध्ये सोडायचा. उघडी प्रत डिस्कवर उतरतच नाही. लहान करायचं ते एन्क्रिप्ट करण्याआधीच, नंतर काही लहान होत नाही. फोटोही टार करून, म्हणजे एका गठ्ठ्यात बांधून, त्याच प्रवाहात, म्हणजे नावंही झाकली जातात.

याचा आणखी एक फायदा झाला. आधी डेटाबेसची नुसती फाइल कॉपी व्हायची. एस्क्यूलाइट वॉल पद्धतीने चालत असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या फाइलमध्ये असतात आणि कॉपीत येत नाहीत. जुन्या बॅकअपांत दिवसाच्या शेवटच्या पावत्या का नसायच्या ते आज कळलं.

विंडोज मेमरीतला भाग स्वॅपसाठी डिस्कवर टाकू शकतं. ती फट मी सध्या सोडून दिली आहे, ती ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरती आहे.

२४ जून

इथवर किल्ली कुठे ठेवायची हा विषय मी पुढे ढकलत होतो. किल्ली कॉन्फिग फाइलमध्ये होती. आज सचिवांना, म्हणजे तात्यांना, सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अरे, तू नसलास तर हे उघडणार कोण? आणि मी नसलो तर?”

पुढचे सगळे निर्णय या प्रश्नावरून झाले.

किल्ली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवली तर पुरात कॉम्प्युटरबरोबर तीही जाणार, मग बॅकअपांचा उपयोग शून्य. प्रत्येक वेळी पासवर्ड टाकायचा म्हटलं तर क्लार्क ताईंना तो सांगावा लागणार. माझ्याकडे ठेवली तर मी एकट्याने संस्थेच्या सगळ्या खलाशांच्या कागदांचा मालक होणार. ते मला नको आहे, आणि तुम्हीही ते घेऊ नका, संस्थेने कितीही आग्रह केला तरी.

म्हणून सील्डबॉक्स. यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली ऑफिसात, खासगी किल्ली माणसांकडे. टपालपेटीसारखं आहे, टाकता कुणालाही येतं, काढता फक्त किल्लीवाल्याला. प्रत्येक बॅकअपला प्रोग्रॅम नवी ३२ बाइटची किल्ली तयार करतो, तिने सगळा प्रवाह बंद करतो, आणि ती छोटी किल्ली दोन वेळा सील करतो: एकदा सचिवांसाठी, एकदा अध्यक्षांसाठी. प्रत्येकी ८० बाइट. दोघांपैकी कुणीही एकटा उघडू शकतो. ऑफिसचा कॉम्प्युटर चोरीला गेला तरी त्यात बॅकअप उघडण्यासारखं काही नाही, आणि ताईंना रोज बटण दाबण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

२८ जून

खासगी किल्लीची फाइल परवलीच्या वाक्याने बंद करायची, आर्गॉन२आयडी वापरून. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत निवडलेल्या आर्गॉन२ चं हे रूप. वाक्यापासून किल्ली बनवणारी ही पद्धत जाणूनबुजून मेमरी खाणारी, म्हणजे अंदाजाने वाक्यं लावून बघणाऱ्याला महाग पडते.

लॅपटॉपवर सगळ्यात कडक पातळी निवडली, ‘सेन्सिटिव्ह’. ती एक जीबी मेमरी मागते. ऑफिसच्या जुन्या मशीनवर तीच किल्ली-फाइल उघडायला गेलो तर त्रुटी, मेमरी मिळत नाही. दोन जीबी रॅमच्या ३२ बिट मशीनवर सलग एक जीबी मिळणार कुठून?

पूर आल्यावर हातात कुठलं मशीन असेल ते सांगता येत नाही. शाळेतलं जुनं असेल, कुणाचा तरी लॅपटॉप असेल. म्हणून ‘मॉडरेट’वर आलो, २५६ एमबी. जुन्या मशीनला थोडा वेळ लागतो, पण उघडतं. कुठली पातळी वापरली ते आकडे किल्ली-फाइलच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा, मिठाच्या (सॉल्ट, म्हणजे वाक्यात मिसळायचा यादृच्छिक आकडा) १६ बाइटांशेजारी. कोडमध्ये ठोकून ठेवलेत तर उद्या पातळी बदलल्यावर जुनी फाइल उघडणार नाही.

३ जुलै

परवलीचं वाक्य मराठीतच हवं हा तात्यांचा आग्रह. इंग्रजी शब्द माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणाले. बरोबरच आहे. त्यांनी फोनवर वाक्य टाकलं, किल्ली-फाइल तयार झाली. मग तेच वाक्य ऑफिसच्या कीबोर्डवर टाकलं. ‘वाक्य चुकीचं आहे.’

पुन्हा टाकलं, मी स्वतः टाकलं, अक्षर न् अक्षर जुळवलं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. शेवटी दोन्हीकडचे बाइट छापून बघितले.

वाक्यात ‘वाऱ्यावर’ हा शब्द होता. एका ठिकाणी तो २४ बाइटचा, दुसऱ्या ठिकाणी २७ चा. हा अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायचा सर्वमान्य संकेत) निदान तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच अक्षर, आर्गॉनला तीन वेगळी वाक्यं, म्हणजे तीन वेगळ्या किल्ल्या.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावलं, म्हणजे एकाच अक्षराच्या समान मानलेल्या तऱ्हा एक करायचा नियम. पहिल्या दोन तऱ्हा एक झाल्या, तिसरी तशीच राहिली, कारण युनिकोड तिला समान मानतच नाही. न दिसणारं चिन्ह नुसतं काढून टाकलं तर ‘वार्यावर’ होतं, तेही चालत नाही. म्हणून तिसऱ्या तऱ्हेचं पहिलीत रूपांतर करणारा नियम हाताने लिहिला. मग लक्षात आलं की ॲ चंही तेच आहे. एक स्वतंत्र ॲ आणि एक अ वर चंद्र दिलेला. एनएफसी त्यांनाही एक करत नाही.

असे नियम मी लिहीत बसलो तर कुठलातरी सुटणारच. म्हणून पद्धतच बदलली. १२९६ साध्या शब्दांची यादी केली. जोडाक्षर नाही, ऱ नाही, ॲ नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा संशय येईल असा शब्द नाही, अनुस्वार दोन तऱ्हांनी लिहिता येईल असाही नाही. माड, फणस, डोल, खडक, कालवण, शेवाळ, असे. चार फासे टाकले की एक शब्द, असे सहा शब्द. उघडताना शब्द टाइप करायला लागलं की खाली यादीतून सुचवतं, तिथून निवडायचा. म्हणजे कीबोर्ड कुठलाही असो, बाइट तेच जातात. साधारण ६२ बिटांची ताकद येते, म्हणजे २ चा ६२ वा घात इतक्या शक्यता, त्यात आर्गॉनची भर. या कामाला पुरेसं आहे.

मराठीत परवलीचं वाक्य घेणारं सॉफ्टवेअर कुणी लिहीत असेल तर हे आधी करा. आपल्या माणसांना आपल्या भाषेत वाक्य ठेवता आलं पाहिजे, आणि ते दुसऱ्या कीबोर्डवर उघडलंही पाहिजे.

९ जुलै

एरर लॉग तपासला. नोंद साठवताना चूक झाली की प्रोग्रॅम अख्खी नोंद लॉगमध्ये लिहीत होता, आधारासकट, आणि ताई तो लॉग मला व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. आता फक्त शेवटचे चार आकडे.

एका मित्राने सुचवलं की आधार क्रमांकाच्या जागी त्याचा हॅशच ठेव, म्हणजे क्रमांकावरून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा. नुसता हॅश कामाचा नाही. क्रमांक १२ आकडी, पहिला आकडा ० किंवा १ नसतो, शेवटचा पडताळ्याचा. उरतात ८,००० कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सगळे हॅश काढून बघणं मिनिटाभराचंही काम नाही. एकच खलाशी दोन नौकांवर नोंदला आहे का ते शोधायला हॅश लागतोच, तिथे लिबसोडियमचा जेनेरिकहॅश गुप्त किल्ली देऊन वापरला.

११ जुलै

कागदी किल्ली. तात्या वाक्य विसरले आणि अध्यक्षही उपलब्ध नाहीत, तर कागद. खासगी किल्लीचे ३२ बाइट म्हणजे हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ) ६४ अक्षरं, चार-चारच्या गटांत. बेस६४ मध्ये (लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे) छापलं असतं तर लहान झालं असतं, पण शून्य आणि ओ यांचा घोळ होतो. शेवटी पडताळ्याचा एक गट जोडला, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर लगेच कळतं. सोबत क्यूआर.

इंकजेटची शाई इथल्या हवेत टिकत नाही. आठवडाभर कपाटात ठेवलेला नमुना दमट होऊन क्यूआरच्या कडा फुटल्या. लेझर प्रिंट काढून लॅमिनेट केलं. दोन लखोटे, दोन वेगळ्या बँकांच्या लॉकरमध्ये, त्यातला एक दापोलीच्या बाहेर.

१७ जुलै

उघडण्याची तालीम. नियम एकच: मी खोलीत नाही. शेजारच्या शाळेचा लॅपटॉप, पुण्याहून मागवलेला पेन ड्राइव्ह, आणि तात्या व ताई. मी बाहेर ओट्यावर.

अडलं ते एन्क्रिप्शनमध्ये नाहीच. उघडण्याचा प्रोग्रॅम कुठे आहे तेच त्यांना सापडेना. तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होता, आणि तो कॉम्प्युटर बुडाला असं आपण धरलंय. आता प्रत्येक पेन ड्राइव्हवर बॅकअपशेजारी उघडण्याचा प्रोग्रॅम, त्याचा मूळ कोड, आणि मराठीत एक पानाच्या सूचना असतात. कोड गुप्त असण्याचं कारण नाही, गुप्त फक्त किल्ली. फाइलची रचना कुठला बाइट काय आहे इथपर्यंत सूचनांच्या मागच्या पानावर लिहिली, म्हणजे मी नसलो तरी दुसरा कुणी प्रोग्रॅमर लिबसोडियम घेऊन उघडू शकेल.

दुसरी अडचण शब्दांची. ‘रिकव्हरी की’ असं बटणावर होतं. ताईंनी विचारलं की हे वाक्य की कागद? आता बटणांवर ‘सचिवांचं वाक्य’, ‘अध्यक्षांचं वाक्य’, ‘लॉकरमधला कागद’ असंच लिहिलंय.

दुरुस्त्यांनंतर पुन्हा केलं. सगळ्या नोंदी आल्या, एकूण नौका आणि शेवटची पावती ताईंनी रजिस्टरशी ताडून पाहिली.

२३ जुलै

नवे बॅकअप बंद झाले म्हणजे जुने उघडे नाहीसे होत नाहीत. ते गोळा करण्याचं काम कोडपेक्षा जड निघालं. सचिवांच्या घरचे पेन ड्राइव्ह, पुण्याचा, क्लाउडवरच्या झिपा, क्लाउडच्याच कचरापेटीत राहिलेल्या झिपा, जुने लॉग पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरच्या चाचणीच्या प्रती. पेन ड्राइव्ह फॉरमॅट न करता फोडलेच, नवे घेतले. दोन झिपा लेखापरीक्षणासाठी लागतील म्हणून उघडून नव्या पद्धतीने बंद केल्या, मग मूळ काढल्या.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती गरजेपेक्षा जास्त काळ न ठेवण्याची अपेक्षा आहे. गेलेल्या खलाशांचे फोटो किती वर्षं ठेवायचे हे संचालक मंडळाने ठरवायचं आहे, मी विषय लेखी दिला. जे ठेवलंच नाही ते एन्क्रिप्टही करावं लागत नाही.

२९ जुलै

एक भोक अजून होतं. सार्वजनिक किल्ली ज्याच्या हाती आहे तो कुणीही ‘बॅकअप’ तयार करू शकतो, आणि तो नीट उघडेलही. सील्डबॉक्स पाठवणारा कोण ते सांगत नाही. खोट्या थकबाक्या घातलेली फाइल कुणी पेन ड्राइव्हवर ठेवली तर? म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ईडी२५५१९ पद्धतीची डिजिटल सही करण्याची किल्ली ठेवली, प्रत्येक बॅकअपसोबत ६४ बाइटची सही जाते. तपासण्याची किल्ली लॉकरमधल्या कागदावर छापली आहे. ऑफिसचं मशीनच कुणाच्या ताब्यात गेलं तर याचा उपयोग नाही, पण पेन ड्राइव्हवरची अदलाबदल पकडली जाते.

खर्च: लायब्ररी फुकट. पेन ड्राइव्ह, लेझर प्रिंट, लॅमिनेशन आणि यूपीएसची नवी बॅटरी मिळून पाच हजारांच्या आत. बॅटरी सगळ्यात महाग, आणि ती आधीच घ्यायला हवी होती असं आता सगळेच म्हणतात.

२ ऑगस्ट

नौका काल निघाल्या. ऑफिसात डिझेलची रांग, आणि संध्याकाळी ताईंनी पहिला खरा बॅकअप घेतला. मधे लाईट गेली, यूपीएसने धरलं, फाइल पूर्ण झाली. सही जुळली, फायनलची खूण आहे.

राहिलेलं काम पदाधिकारी बदलतील तेव्हाचं. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. नवे सचिव आले की जुन्या बॅकअपांच्या छोट्या किल्ल्या त्यांच्या नावे पुन्हा सील कराव्या लागतील. त्यासाठी अख्खी फाइल पुन्हा लिहायला लागू नये म्हणून सील केलेल्या किल्ल्या प्रवाहाशी बांधलेल्या नाहीत, फक्त आवृत्तीचा आकडा बांधला आहे. सहीही प्रवाहावरच आहे, सील केलेल्या किल्ल्यांवर नाही. हे करणारं बटण अजून लिहायचं आहे. ज्यांनी पद सोडलं त्यांच्याकडच्या जुन्या प्रती मात्र त्यांना उघडता येतीलच, ते कोडने थांबत नाही, म्हणून पद सोडताना पेन ड्राइव्ह जमा करण्याचा ठराव मागितला आहे.

अध्यक्षांची किल्ली अजून तालमीत वापरलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती वापरूनच बॅकअप उघडायचा, दुसऱ्या मशीनवर, तात्या आणि मी दोघेही बाहेर बसून.